हनुवटीबाईंचा स्वतःचा कॅमेरा

परवाना कचेरीसमोरच्या गल्लीत फोटोची दुकानं बरीच आहेत, पण कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल : "हनुवटीबाईंकडे जा, दुसरा हेलपाटा पडणार नाही." कचेरीतले कारकून फोटो परत पाठवण्यात पटाईत. कुणाचा कान दिसत नाही, कुणाच्या चष्म्यावर दिवा चमकतो, आणि एखादा तर चक्क हसलेला असतो. बाईंनी काढलेला फोटो मात्र कधी परत आला नाही. "हनुवटी वर. जरा खाली. बास. हलू नका." एवढ्या चार शब्दांवर त्यांनी अख्खं गाव सरळ करून ठेवलं होतं, आणि त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव घरच्यांनाही जरा आठवूनच सांगावं लागे.

दुकान थोरल्या दिरांचं. त्यांना सगळे दादा म्हणत, बाईही म्हणत. पुढं काउंटर, छपाईचं यंत्र आणि दादांची खुर्ची. मागं प्लायवूड ठोकून केलेली फोटोची खोली. खोली म्हणायची आपली रीत. गिऱ्हाइकासोबत त्याची बायको आत आली की बाईंना पोट आत ओढून उभं राहावं लागे. एका भिंतीला पांढरा पडदा, त्यापुढं जमिनीला स्क्रूनं पक्कं केलेलं स्टूल, समोर स्टँडवर तसाच पक्का केलेला कॅमेरा. लेन्सची कडी कुणी फिरवू नये म्हणून दादांनी तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. जमिनीवरही एक पिवळी पट्टी, तिच्यावर बाईंचे पाय. खिडकी नव्हतीच. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या केसांवरून कळे.

"बटण तुझं, बाकी सगळं माझं," दादांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. जुना नोकर सोडून गेला होता, नवा मिळेपर्यंत पंधरा दिवस सांभाळ, एवढंच ठरलं होतं. तेव्हा लेक रांगत होती. आता ती कॉलेजात जाते, आणि नवा नोकर अजून मिळायचाच आहे. घरचंच माणूस फुकटात राबत असताना नोकर शोधायला दादांना काय वेड लागलंय?

लोक बाईंना फोटोग्राफर म्हणत, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. लिफ्टचं बटण दाबणाऱ्याला कुणी ड्रायव्हर म्हणतं का? कॅमेरा हातात धरला तर किती जड लागतो, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

तर एके दिवशी एका बालवाडीच्या मोठ्या बाई परवान्याच्या फोटोसाठी आल्या. त्यांच्यासोबत नातू होता, आणि नातू म्हणजे पायाला भिंगरी. बाईंनी त्याच्याकडे पाहून नुसतं म्हटलं, "हलू नकोस हं." पोरगं जिथल्या तिथं थांबलं. मोठ्या बाई बघतच राहिल्या.

"आमच्याकडे याल का हो? वर्षभर मुलांचे फोटो काढायला माणूस हवाय. खेळताना, सांडताना, भांडताना, जसे असतील तसे. पालकांना पाठवायचे असतात. शनिवारी एकदा येऊन दाखवा, जमलं तर कायमचं काम. कॅमेरा मात्र तुमचा हवा. आणि मुलांच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही."

त्या दिवशी बाईंचे पाय दोनदा पट्टीवरून सरकले. कायमचं काम! अंगणात, मुलांच्यात, खिडक्या असलेल्या खोल्यांत!

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. नवरा बेकरीची गाडी चालवायचा. पहाटे उठायचं म्हणून तो मोजकंच बोले. "फोन आहे की हातात. त्यानं काढ." दादांना दुकानातला कॅमेरा एक दिवस मागितला, तर ते असे दचकले, जणू बाईंनी त्यांची किडनी मागितली. "स्टँडवरनं काढला की परत जुळवायला अख्खा दिवस जाईल. आणि तुला गं काय कळतं त्यातलं?"

ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. लेकीनं तेवढं म्हटलं, "घे आई. तुझे पैसे आहेत, तुझ्यासाठी घे." बाईंनी शिवणकामाचे साठवलेले पैसे गाठीला बांधले आणि एका दुपारी दादांना दातांच्या डॉक्टरचं कारण सांगून कॅमेऱ्याचं दुकान गाठलं.

काउंटरवर नखं हिरवी रंगवलेली एक मुलगी होती. तिनं विचारलं, "कशाचे फोटो काढणार?" बाई गडबडल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी केलाच नव्हता.

"लहान मुलांचे. घरात. म्हणजे वर्गात. फ्लॅश नाही."

मुलगी भली होती, किंवा तिला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिनं दोन कॅमेरे मांडले. एक कोरा करकरीत, सोबत झूमची लेन्स. एका जागी उभं राहून जवळचंही घ्या, लांबचंही घ्या. दुसरा वापरलेला, कोपरे घासलेला, आणि त्याच्यासोबत नवी पन्नास मिलिमीटरची लेन्स. तिच्यात झूम नाही. दोन्ही जोड्या बाईंच्या पैशात जेमतेम बसत होत्या. दोन लेन्स घेण्याची ऐपत नव्हती.

"या झूममध्ये उजेड कमी येतो," मुलगी म्हणाली. "वर्गात पोरं पळाली की फोटोत नुसते धुराचे लोट दिसतील. पन्नासची भरपूर उजेड घेते. बॉडी जुनी चालते हो, लेन्समध्ये कंजुषी करू नका. गाडीचं किलोमीटर बघतात तसं यानं किती फोटो काढलेत ते मी बघितलंय, अजून खूप चालेल."

"मग सगळे हीच का घेत नाहीत?"

"कारण हिच्यासोबत तुम्हाला चालावं लागतं. जवळचं हवं तर जवळ जा, सगळं हवं तर मागं सरका. एका जागी उभं राहून जमत नाही."

बाईंनी घासलेला कॅमेरा उचलला. तो चांगलाच जड होता. त्यांनी तो खाली ठेवलाच नाही.

"हाच द्या," त्या म्हणाल्या. "चालायलाच तर घेतेय."

घरी येताना त्यांनी पट्टा गळ्यात घातला होता आणि एक हात कॅमेऱ्यावर ठेवला होता. रस्त्यातल्या प्रत्येक माणसानं आपल्याकडे बघावं असं त्यांना वाटत होतं. एकानंही पाहिलं नाही, तरी त्या आनंदात होत्या.

शनिवारी कचेरी बंद, म्हणून दुकानही बंद. बाई बालवाडीत पोचल्या तेव्हा वर्गात रंगांची दंगल चालू होती. कुणाचे हात निळे, कुणाचं नाक. दोघंजण एका बादलीसाठी हमरीतुमरीवर आलेले. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. सगळं हलत होतं! एक पोर नीट दिसेपर्यंत दुसरं मध्ये येई, नेम धरेपर्यंत पहिलं टेबलाखाली जाई. काढलेल्या फोटोंत कोपरं होती, पाठी होत्या, अर्धं टाळकं होतं. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या.

मागं सरकता सरकता त्यांची पाठ भिंतीला लागली. समोरच्या बाजूला एक पांढरं कपाट होतं, आणि त्यापुढं एक मुलगी बाहुलीशी बोलत उभी होती. डोकं ते छाती, बरोबर मापात. जसं रोज दिसतं, अगदी तसं! बाईंचा जीव भांड्यात पडला आणि तोंडातून आपसूक निघालं, "इकडे बघ बाळा. हनुवटी वर. जरा खाली. बास. हलू नकोस."

मुलगी थांबली. फोटो असा स्वच्छ आला की पापणीन् पापणी मोजून घ्या. बाईंना इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! मग त्यांनी दुसऱ्याला हाक मारली, मग तिसऱ्याला. तो आवाज भल्याभल्यांना गप्प करणारा. ही तर चिमुरडी. पोरं ओळीनं येत गेली, कपाटापुढं उभी राहत गेली. वर्ग इतका शांत झाला की नळाचं पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं. त्या भिंतीपासून बाई एक पाऊल हलल्या नाहीत, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मोठ्या बाईंनी फोटो पाहिले. एक, दुसरा, तिसरा. मग जरा भरभर.

"सुरेख आलेत," त्या म्हणाल्या. "पण आमची मुलं एवढी गप्प कधीच नसतात हो. सगळी एकसारखीच दिसतायत." बाईंचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या शनिवारी पुन्हा या. त्या वेळी त्यांना काही सांगूच नका."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाईंनी ठरवलं, आपण जिवंतपणीच घालवायची. आठवडाभर त्या रोज संध्याकाळी लेकीसोबत गल्लीत फिरल्या. लेक पुढं पळायची आणि ओरडायची, "पाय उचल आई! जवळ ये ना! आणि तोंडातून शब्द काढलास तर दंड!" सुरुवातीला बाईंचे पाय जमिनीला चिकटत. एकदा त्या दोरीवरच्या कपड्यांसमोर उभ्या होत्या, तेवढ्यात एक भटकं कुत्रं आलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि समोर शहाण्यासारखं बसलं. लेक हसून हसून लोळायची बाकी राहिली. पण शुक्रवारपर्यंत काहीतरी सुटलं. लेक जिन्यावरून उड्या मारत उतरत होती, आणि बाई तिच्यासोबत उलट्या पावली खाली आल्या, एक शब्द न बोलता. त्या फोटोत लेकीचे केस हवेत होते आणि तोंड उघडं होतं. कचेरीनं तो भिरकावून दिला असता. बाईंनी तो झोपेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिला.

शनिवारी त्या घरून निघाल्या त्याच मुळी तोंड मिटून. बालवाडीच्या अंगणात पोरं वाळूत लोळत होती. एकानं बूट डोक्यावर घेतला होता, दोघीजणी एकमेकींच्या वेण्यांना लोंबकळत होत्या. बाईंनी कॅमेरा वर घेतला आणि चालायला सुरुवात केली.

त्या बाहुलीवाल्या मुलीनं त्यांना पाहिलं. बाहुली टाकून ती उठली, वाळू झटकली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. दोन्ही कानांमागं केस खोचले. हनुवटी वर केली, जरा खाली घेतली. तिच्या शेजारी बूटवाला आला. मग वेण्यावाल्या. बघता बघता अख्खं अंगण रिकामं झालं आणि भिंतीशी रांग लागली, माना ताठ, ओठ मिटलेले. कुणी काही सांगितलं नव्हतं.

"अरे, खेळा ना!" बाई म्हणाल्या. कुणी हललं नाही.

त्या गुडघ्यांवर बसल्या, बाजूनं गेल्या, टाळ्या वाजवल्या, जीभसुद्धा काढून दाखवली. रांगेतले सगळे डोळे त्यांच्यामागं फिरले, माना मात्र जागच्या जागी. "हला रे! पळा! भांडा!" त्यांचा आवाज चढला, तशी पोरं आणखीच ताठ झाली. शेवटच्या बारक्यानं तर श्वासच धरला. त्याचे गाल फुगले, लाल झाले, तरी सोडेना. बाईंनी कॅमेरा खाली केला. आपल्या त्या खोलीत येऊन ही पोरं कधी बसली नव्हती. आपणच ती खोली इथवर घेऊन आलो, हे त्यांना तेव्हा कळलं.

मोठ्या बाई बाहेर आल्या आणि खूशच झाल्या. "अगंबाई! ही रांग आम्हाला वर्षभरात लावता आली नाही! बरं, ते खेळतानाच्या फोटोंचं राहू द्या. ओळखपत्रांचं काम तुम्हालाच देऊन टाकते. सगळ्या शाखांचं. मुलं दुकानात पाठवू, तुकड्या-तुकड्यांनी."

बाईंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. दुकानाचा नंबर परवान्याच्या फोटोंच्या पाकिटावर छापलेलाच असतो; मोठ्या बाईंनी सोमवारी सकाळी तिथंच फोन केला.

दादांना आनंद मावेना. आयतं घबाड चालून आलं होतं. "दातांचा डॉक्टर होय गं?" ते हसत म्हणाले. "जाऊ दे. पहिल्यांदाच काहीतरी अकलेचं केलंस. आपल्या कॅमेऱ्यात तरी आता रेघा यायला लागल्यात. आण तुझा इकडे."

"तो माझा आहे, दादा."

"तुझाच आहे गं! कोण नाही म्हणतंय? दुकान तरी कुणाचंय, आपलंच ना? घरात कपाटात ठेवून काय त्याची पूजा करणारेस?"

दुपारी बाईंनी तो घरून आणला. दादांनी दुकानातला जुना कॅमेरा उतरवला आणि हा स्टँडवर चढवून पक्का आवळला. पट्टा लोंबकळायला लागला, म्हणून काढून ड्रॉवरमध्ये टाकला. पन्नासच्या लेन्सला ती खोली नेमकी मापाची निघाली. स्टँड बोटभरसुद्धा सरकवावा लागला नाही. दादांनी कडी फिरवून जुळवली आणि तिच्यावर नवी चिकटपट्टी गुंडाळली.

"बस जरा स्टुलावर. उंची बघू दे."

इतक्या वर्षांत बाई त्या स्टुलावर कधी बसल्या नव्हत्या. तिथून कॅमेरा वेगळाच दिसत होता, काळा आणि जवळ. पडद्याचा कपडा मानेला लागत होता. हा काढा, मला द्या, मी उद्यापासून येणार नाही, असं सगळं त्यांच्या मनात धडाधड आलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण तोवर त्यांचे हात आपोआप वर गेले होते, केस कानांमागं गेले होते, हनुवटी वर झाली होती आणि जरा खाली आली होती. दादांचं बोट बटणावर होतं, आणि फोटो निघत असताना बोलायचं नसतं.