हवेलीत नसलेले कर्नलसाहेब

आमची मावशी मुंगीलासुद्धा वाट करून देणारी. पण कादंबरीत खून पडला की तिचा चेहरा खुलायचा. खूनही कुठलाही चालत नसे. गावाबाहेरची हवेली हवी, चार चक्रम पाहुणे हवेत, पुराने पूल बंद झालेला हवा, आणि प्रेत सापडलं तरी कुणाचा चहा चुकता कामा नये. वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधायचं तिचं काम. जे जास्त फाटतं ते चांगलं, असं तिचं सरळ मत होतं.

काका घड्याळजी. डोळे अधू झाले, दुकान सुटलं, आणि सगळ्या घराला हसवणारा हा माणूस गप्पच झाला. मावशीने ते फार मनाला लावून घेतलं. रोज संध्याकाळी ती त्यांना हवेलीतले खून वाचून दाखवू लागली. पण काका तिसऱ्या प्रकरणातच खुनी ओळखायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मावशी अगदी रडकुंडीला यायची.

एकदा तिने अशा दोन कादंबऱ्या एकदम बांधल्या आणि त्यातली एक वाचायला घरी आणली. काकांनी नेहमीप्रमाणे स्वयंपाकिणीचं नाव घेऊन कूस बदलली. मावशी नेटाने शेवटापर्यंत आली. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं आणि बेड्या ठोकल्या त्या कर्नलसाहेबांना.

या हवेलीत कर्नल नव्हताच. घोळ मावशीच्या ध्यानात आला. तिने ह्या पुस्तकाची शेवटची पानं त्या दुसऱ्याला शिवली होती आणि त्याची ह्याला. तरी ती चेहरा सरळ ठेवून वाचत राहिली.

काका उठून बसले. "हा कर्नल कोण?"

"आला असेल मागच्या दाराने," मावशी म्हणाली.

"पूल बंद होता ना?"

"पोहत आला असेल. लष्करातला माणूस."

काका आधी फिसकन हसले, मग ठसका लागेपर्यंत हसले. मावशीने हसत, डोळे पुसत चूक कबूल केली.

सकाळी ती पुस्तकं उसवायला निघाली, तर काका दारात आडवे. "ते दुसरं आधी घरी आण. माझी स्वयंपाकीण तिकडे पकडली गेली असणार."

बांधणीची खळ अजून ओली आहे, अशी थाप ग्रंथपालांना मारून मावशीने पुस्तक आणलं आणि थेट शेवट उघडला. काकांनी तिचा हात धरला.

"पहिल्या पानापासून वाच," ते म्हणाले, आणि भिंतीला पाठ टेकून बसले.