‘आत्ताच’चा बिबट्या

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर शोकसभा झाली, तेव्हा साहेबांचं बोट थेट तिकीटवाल्याकडे वळलं. “तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळ होतात. दोन शब्द बोला.”

जवळ होता हे खरंच. त्याची खिडकी इथे, गेलेल्या माणसाची खुर्ची तिथे, मध्ये फक्त फाटकाचा आडवा दांडा. पण उभं राहिल्यावर तिकीटवाल्याच्या लक्षात आलं, की आपल्याला या माणसाची काडीचीही माहिती नाही. मुलं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, गोड आवडायचं की तिखट, काही म्हणता काही नाही. खरं नावसुद्धा त्याने नुकतंच फोटोखाली वाचलं होतं. “माणूस चांगला होता,” एवढं म्हणून तो खाली बसला.

“बस?” शेजारच्या ड्रायव्हरने विचारलं.

“खोटं कशाला बोलू?”

“शोकसभेत चालतं, काका.”

बोलायला हवं होतं ते घरी गेल्यावर, चपला काढताना आठवलं. नेहमीसारखंच.

गेलेल्या माणसाला सगळे ‘आत्ताच’ म्हणत. तो गाइड होता. उघड्या जीपमध्ये पुढे उभं राहायचं आणि पाहुण्यांना बिबट्या दाखवायचा, हे त्याचं काम. बिबट्या काही पगारी नोकर नव्हता. मर्जी झाली तर यायचा, आणि त्याची मर्जी सहसा होत नसे. मग ‘आत्ताच’ जीप थांबवायचा, ओठांवर बोट ठेवायचा, मातीकडे टक लावून बघायचा आणि कुजबुजायचा, “आत्ताच इथे होता.” पाहुणे श्वास रोखून मातीचे फोटो काढत. एखादा चिकित्सक खाली वाकून म्हणे, “हे तर बुटाचे ठसे आहेत.”

“मग त्याच्याच मागे गेला असणार,” ‘आत्ताच’ गंभीरपणे सांगे. त्यानंतर जीपमधून कोणी खाली वाकत नसे.

अशी बरीच वर्षं निभावली. मग नवे साहेब आले. त्यांनी नियम काढला, की फेरी संपल्यावर पाहुण्यांनी मोबाइलवर गाइडला तारे द्यायचे. ज्याचे तारे कमी, त्याने जीपमधून उतरायचं आणि फाटकावर दांडा वरखाली करत बसायचं.

“आजवर साहेब लोक अकलेचे तारे तोडत होते,” ‘आत्ताच’ खिडकीशी येऊन म्हणाला, “आता वाटायलाही लागले.”

“तुझे किती?”

“तिकीट फाड तू गुपचूप.”

चेहरा मात्र उतरला होता. त्याची सगळी ऐट त्या जीपमध्ये होती. खुर्चीत बसलेला तो कसा दिसतो, हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. त्यात भर म्हणून डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होते. ते फक्त बायकोला माहीत होतं. शोकसभेनंतर वहिनींनीच तिकीटवाल्याला सांगितलं, “खुंटीवरच्या कोटाला बसा म्हणायचे हो. मी विचारलं, कोण आलंय? तर म्हणाले, गंमत केली.”

तर अशा डोळ्यांनी एका सकाळी त्याला ओढ्यापलीकडच्या गवतात काहीतरी पिवळट, ठिपक्याठिपक्यांचं, आडवं पसरलेलं दिसलं. जन्मात पहिल्यांदा तो “आत्ताच होता” म्हणाला नाही. “तो बघा,” म्हणाला.

“हलत कसा नाही?” एका पाहुण्याने विचारलं.

“पोट भरलंय. जेवल्यावर तुम्ही तरी हलता का?”

एकाला शेपटी दिसली. दुसऱ्याला डोळेही दिसले. “मला तर ओंडका वाटतोय,” एक बाई म्हणाल्या.

“तुला घरातही समोरची वस्तू दिसत नाही,” त्यांचे यजमान म्हणाले. त्या दिवशी ‘आत्ताच’ला सगळे तारे मिळाले.

आता गाइड लोकांचा एक जुना रिवाज होता. पाहुण्यांसमोर एकाने जनावर दाखवलं, की दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही. आज मी तुझी झाकतो, उद्या तू माझी झाक. मागून आलेल्या जीपमधल्या गाइडला तो ओंडका आहे हे लख्ख दिसलं आणि तो म्हणाला, “वा, नर आहे.” तिसऱ्याने तो म्हातारा असल्याचं सांगितलं. आठवडाभरात ओढ्याकाठी जीपांची अशी रांग लागली, की तिथे एखादा खरा बिबट्या आलाच असता तर त्याला उभं राहायला जागा मिळाली नसती.

साहेबांनी फाटकावर फलक लावला: ‘आमचा विसावलेला बिबट्या’. मग ते आपल्या वरिष्ठांना घेऊन आले. वरिष्ठांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं.

“तब्येत उत्तम आहे.”

“आहाराकडे लक्ष आहे, सर,” साहेब म्हणाले.

या सगळ्यात कोणी ‘आत्ताच’च्या कानात खरं सांगितलं नाही. तो दुसऱ्यांसारखा झाकत नव्हता, तो रोज खरोखर बिबट्या बघत होता. खिडकीशी येऊन त्याची झोप, त्याचा स्वभाव यांवर तो तासन्‌तास बोलायचा, आणि तिकीटवाला “हं, हं” करत तिकिटं फाडायचा.

पुढे उद्यान काही दिवस बंद होतं, तेव्हा वहिनींनी त्याला हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तो परतला तो काळा चष्मा लावूनच. चष्मा उतरला त्या दिवशी पहिल्या फेरीत ओढ्याशी जीप थांबली. ‘आत्ताच’ने पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं.

“हा ओंडका आहे,” तो सगळ्या जीपला ऐकू जाईल असं म्हणाला.

तिथून तो तडक साहेबांच्या खोलीत गेला. “साहेब, ओंडका आहे. वाळवीसुद्धा लागलीय.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “तो वरिष्ठांनी पाहिलाय.”

“पण साहेब, मी आता डोळे करून आलोय.”

“म्हणूनच म्हणतो. नवे आहेत, जरा स्थिर होऊ द्या. तोवर फाटकावर बसा.”

डोळे स्थिर झाले, तो फाटकावरच राहिला. तिकीटवाल्याला राहवलं नाही. “गप्प बसायचं होतंस. बाकीचे बसलेच ना?”

“त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं रे, त्यांना गप्प बसता येतं,” ‘आत्ताच’ म्हणाला. “मी तर तो बघितला होता.”

तिकीटवाल्याने पुढचं तिकीट फाडलं. दांडा वर, दांडा खाली, असे महिने गेले. आत जाणारे पाहुणे त्याला गमतीने विचारत, “काय काका, दिसतो का?” तो म्हणे, “ओंडका दिसतो. हमखास.” ते हसत आणि आत जात.

त्याच्या आयुष्यातल्या शेवटच्या संध्याकाळी सगळ्या जीपा बाहेर पडल्या होत्या. तिकीटवाला मान खाली घालून उरलेली तिकिटं पेटीत रचत होता. बाहेर खुर्ची करकरली. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग ‘आत्ताच’ काचेजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “आत्ताच इथून गेला. दांड्याखालून.”

“हो का,” तिकीटवाला मान वर न करता म्हणाला. “तुझं जुनं दुखणं परतलं म्हणायचं.”

‘आत्ताच’ने काचेवरून एक बोट फिरवलं आणि नव्या डोळ्यांनी ते निरखलं.

“उद्या ही काच पूस जरा. किती धूळ बसलीय.”

“पुसतो.”