गोडलिंबाची शेव

भज्यांच्या गाडीशी थांबलो की वानखडे सर आधी कढईचा वास घेत. तेल जुनं असलं तर मला हाताला धरून बाजूला नेत आणि हळूच म्हणत, "हे तेल मेलं, भाऊ." अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत; मी त्याच विभागात नवा लागलो होतो. सर मूर्तिजापूरकडचे, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातले. एरवी अबोल माणूस, पण तेलाचा विषय निघाला की थांबत नसत.

तेल खवट का होतं, हे ते आपल्या बोलीत सांगत. "हवेनं एक कण बिघडला का तो शेजारच्याले बिघडवते. मंधात कोनीतरी ते आपल्या अंगावर घेतलं पायजे." गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, पानांतून त्यांनी काढलेलं अल्कलॉइड नेमकं तेच करतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी घरी दोन डबे शेव तळली. एकीच्या तेलात अल्कलॉइड, दुसरी साध्या तेलातली. डबे उन्हाळाभर ठेवले. चाखून प्राध्यापकांना फरक कळला तर या कामासाठी खोली देऊ, असं प्राचार्यांनी कबूल केलं होतं.

कॉलेज उघडल्यावर सरांनी स्टाफरूममध्ये दोन बशा मांडल्या. साध्या तेलातली शेव मी तोंडात घातली आणि थुंकलीच, इतकी ती खवट होती. दुसरी अगदी ताजी. मत सांगून मी तासाला गेलो. संध्याकाळी कळलं, बशा रिकाम्या झाल्या होत्या आणि बाकी सगळ्यांनी एकच मत दिलं होतं: दोन्ही छान. खोली गेली.

"सर, त्यांनी खाल्लीच नाही," मी म्हणालो. माझी मान वर होत नव्हती. याच माणसांबरोबर मी रोज चहा पीत होतो.

"मले मालूम हाय. खवट शेव कोनालेच छान लागत नाई. पन चूक माहीच. हलवायाजोळून तळून घेतली असती, तं त्यायच्यावर फेकाची पाळी नसती आली."

उरलेली चांगली शेव त्यांनी मला घरी न्यायला दिली. कुणाच्या घरची, हे ऐकल्यावर आईने डबा वरच्या फळीवर सरकवला. मी तिच्याशी भांडलो, पण घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नाही. मी एकटाच खात राहिलो. दिवाळीत डब्याचा तळ दिसला.

सुट्टीनंतर सरांनी विचारलं, "घरी काय म्हनले?"

परत द्यायला आणलेल्या डब्याचं झाकण मी उगाच घट्ट करत राहिलो.

"वास तं नाई ना आला शेवटपर्यंत?"

"नाही, सर."

"मंग झालं," ते म्हणाले आणि माझ्या हातातला रिकामा डबा त्यांनी काढून घेतला.