चिठ्ठीबाईंची पद्धत

चिठ्ठीबाईंची उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी शब्द आठवला नाही, की त्यांचे मास्तर बोटं टेबलावर ठेवायला लावत आणि लाकडी पट्टी उभी धरून हाणत. एकदा हाड मोडलं. शब्द आला नाही तो नाहीच. पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर बाईंनी कानाला खडा लावला, की पोरांच्या अंगाला हात लावायचा नाही.

त्यांच्या शाळेत कामासाठी बाहेरून आलेल्यांची मुलं जास्त. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, आणि बिचारी पोरं मधल्यामध्ये लटकलेली. बाईंनी मग आपली पद्धत काढली. रोज पाच नवे शब्द, प्रत्येकाची चिठ्ठी. चिठ्ठी वस्तूवर चिकटवायची, वस्तू हातात धरायची, शब्द मोठ्यानं म्हणायचा. बरोबर आला की बाई टाळी वाजवत आणि म्हणत, "शाबास!" एका आगाऊ पोरानं त्यांच्याच पाठीवर 'बाई' अशी चिठ्ठी लावली, तेव्हा त्या दिवसभर तशाच मिरवल्या.

पालकसभेत त्यांनी बजावलं होतं, "नुसती घोकंपट्टी नको. वस्तू पोराला जाणवली पाहिजे. जाणवली की शब्द जन्मात विसरत नाही."

गॅरेजवाल्याची मुलगी मागच्या बाकावर बसायची. ती वर्गात अवाक्षर काढत नसे, म्हणून पोरं तिला मुकी म्हणत. पण त्या सभेनंतर ती धडाधड बोलायला लागली. पळी, पट्टा, कुलूप, इस्त्री, एक शब्द चुकेल तर शपथ! बाई हुरळून गेल्या. मुख्याध्यापकांना बोलावून त्यांनी तिचं कौतुक करवून घेतलं.

एके दिवशी शाळा सुटताना त्यांनी सहज विचारलं, "कसं गं तुझ्या एवढं लक्षात राहतं?"

मुकीनं बाही वर सरकवली. "ही पळी," ती एका काळ्यानिळ्या वळावर बोट ठेवून म्हणाली. "हा पट्टा. हे कुलूप." मग तिनं कॉलर खाली ओढली. खांद्यावर भाजल्याचा तिकोनी डाग होता. "इस्त्री."

बाई तिच्याकडे झुकल्या. तेवढ्यात फाटकावर बापाच्या स्कूटरचा हॉर्न वाजला आणि पोर पळालीसुद्धा.

बाईंनी धावत जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "शांतपणे घ्या. वर कळवू, चौकशी होईल."

"तोवर ती आजचे पाच शब्द शिकेल," बाई म्हणाल्या. आजचे शब्द त्यांनीच दिले होते. खिळा, दोरी, कात्री, चिमटा, पाना. त्या चपला फटफटवत धावत सुटल्या.

गॅरेजच्या मागच्या खोलीत भिंतभर त्यांच्याच चिठ्ठ्या होत्या. मुकी कोपऱ्यात उभी होती. तिचे हात दोरीनं बांधलेले, कानामागून रक्त ओघळत होतं. तिची आई दाराशी तोंडावर हात दाबून बसली होती.

"या बाई!" बाप खुशीत म्हणाला. "तुमच्याच पद्धतीनं चाललंय. चार झाले, हा एकच अडलाय." त्यानं लोखंडी पाना उचलला. "बोल गं, हे काय?"

बाई मध्ये शिरल्या. त्यानं त्यांना ढकलून टायरांवर पाडलं. "पोर माझी आहे. तुम्ही शब्द द्या, बसवायचं काम माझं."

त्यानं पाना उगारला तशा बाई उठल्या आणि त्यांनी हात आडवा घातला. घाव त्याच वाकड्या करंगळीच्या हातावर बसला. मनगट कडकन वाजलं, पाना त्याच्या हातून निसटला. बाईंनी तो डाव्या हातानं उचलला आणि बापाच्या गुडघ्यावर हाणला. तो ओरडत खाली बसला. त्यांनी खांद्यावर हाणला, मग पाठीवर. आयुष्यभर आवरलेला हात आता आवरेना. बाप हात जोडत होता, तरी त्या मारतच राहिल्या.

"पाना!"

आवाज अगदी स्वच्छ होता. बाईंचा हात हवेतच थांबला.

कोपऱ्यात मुकी ताठ उभी होती. शब्द बरोबर आला होता. बाई टाळी कधी वाजवतात, म्हणून ती त्यांच्या रक्ताळलेल्या हातांकडे बघत होती.