रुदैनाच्या सात खुंट्या

रुदैना ही जमीनमोजणीच्या वर्गातली माझी जोडीदारीण आणि माझ्या डोक्याला झालेला कायमचा ताप. इरबिदला आमचं शेवटचं वर्ष. शहराबाहेरच्या एका वस्तीभोवती सात खुंट्या ठोकायच्या, यंत्र लावून एकीवरून दुसरी मोजत जायचं आणि फिरून पहिल्या खुंटीवर आलं की हिशेब जुळला पाहिजे. गुरुवारी नकाशा दिला नाही तर वर्ष वाया. तसं सोपं काम. पण दुसऱ्या दिवशी जावं तर तीन खुंट्या गायब! पुन्हा ठोकल्या, पुन्हा गायब.

बाकीच्या जोड्यांनी घरी बसून आकडे जुळवले होते. आपणही तेच करू म्हटलं, तर बाईसाहेब म्हणे, न मोजलेला आकडा मी लिहीत नाही. घ्या! वर मंगळवारी तिने शोध लावला की खुंट्या उम्म फवाज उपटते. चार जैतुनांच्या अंगणात एकटी राहणारी म्हातारी. खुंटी आली की मागोमाग रस्ता येतो, हे तिचं ठाम मत, कारण शेजारणीचं अर्धं अंगण तसंच गेलं होतं.

म्हातारीने आम्हांला बसवून मरमियाचा सुगंधी पाला घातलेला चहा दिला. खुंट्या चुलीपाशी नीट रचलेल्या दिसत होत्या. हा नुसता अभ्यास आहे, रस्ताबिस्ता काही नाही, असं रुदैनाने परोपरीने समजावलं.

"आत्ता अभ्यास. पास झाल्यावर?"

मी रुदैनाला कोपराने ढोसलं. एकदाच खोटं बोल गं बये!

"सरकारने पाठवलं तर यावंच लागेल, खाला."

"मग तू नापासच हो," म्हातारी शांतपणे म्हणाली आणि माझा पेला पुन्हा भरला.

मी कपाळाला हात लावला. तरी बुधवारचा अख्खा दिवस हातात होता, धावपळ करून सगळं उरकलं असतं. पण बाईसाहेबांनी यंत्र लावलं ते म्हातारीच्या अंगणात. भिंत न् भिंत, झाड न् झाड मोजलं, नकाशा काढला, खाली सही ठोकली आणि माझीही घेतली. मग तो कागद म्हातारीच्या हातात दिला.

"मी रस्त्याची रेघ घेऊन आले ना खाला, तर हा माझ्याच तोंडावर मारा. यातली एक वीतसुद्धा मला नाकारता येणार नाही."

गुरुवारी आम्ही दोघी रिकाम्या हाताने सरांसमोर उभ्या होतो.