आम्ही आटवलेली विहीर

शेलूला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीत जेमतेम वीस कुटुंबं होती. त्याआधी आम्ही सहा जण मुंबईत एका खोलीत राहायचो. सासू-सासरे, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली आणि आम्ही दोघं. इथे खिडकीतून शेत दिसायचं. पहिल्या दिवशी सासूबाई संध्याकाळपर्यंत त्या खिडकीपाशीच बसून राहिल्या.

शेत एका मावशींचं होतं. नवरा गेलेला, मुलगा नोकरीनिमित्त खोपोलीला. कुंपणाला लागून त्यांचा वांगी-भेंडीचा मळा आणि मळ्यात दगडी विहीर. पहिल्याच उन्हाळ्यात इमारतीची मोटर जळाली, तेव्हा मावशी स्वतः कुंपणापाशी आल्या. "हंडे घेऊन या गं सगळ्या. लाजू नका, विहिरीला पाणी हाय." चार दिवस आम्ही त्यांचं पाणी प्यायलो. येताना प्रत्येकीच्या हातात त्यांनी दोन-दोन वांगीही ठेवली.

मग इमारत भरली. मागे आणखी दोन विंग उभ्या राहिल्या, त्याही भरल्या. कुणाचा भाऊ आला, कुणाची बहीण, घराघरात पाळणे हलले. शाळेत शिकवते, अर्ज नीट लिहिते, म्हणून मला सोसायटीची सेक्रेटरी केलं. पाचव्या उन्हाळ्यात इमारतीची बोअर आटली. पार्किंगमध्ये सभा भरली आणि आणखी खोल जायचं ठरलं. कागदावर सही माझी.

बोअरची गाडी आली तेव्हा खोदणाऱ्या माणसाने मळ्याकडे बघून मला सांगितलं, "मॅडम, खालचा झरा एकच असतो. तुम्ही इथून ओढलं की त्या विहिरीचं उतरणार." मला नीट ऐकू आलं होतं. पण मागे बादल्या घेऊन बायका उभ्या होत्या, एकीच्या कडेवर तान्हं मूल होतं. मी म्हणाले, "खोदा." पाणी लागलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

महिनाभरात मावशींनी मला हाक मारली. विहिरीत डोकावले तर तळाला नुसता चिखल, आणि त्यात एक कासव रुतलेलं. "माझ्या लग्नाच्या आधीपासून हाय ते," मावशी म्हणाल्या. जवळच्या वाडीतल्या एका माणसाने खाली उतरून ते वर काढलं. मावशींनी ते घमेल्यात ठेवलं, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि आम्ही दोघी उन्हातून उल्हास नदीकडे निघालो. ओझं आलटून पालटून घेत होतो.

नदीही बारीक झाली होती. काठावर प्लॅस्टिक, फेस, पाण्यात सोडलेले पाइप. त्यातल्या त्यात खोल जागा बघून आम्ही कासव सोडलं. ते बराच वेळ हललं नाही.

"मावशी, सही मी केली होती," शेवटी मी म्हणाले.

"ठाव हाय गं मला."

"मला माफ करा."

मावशी पाण्याकडेच बघत होत्या. "तुजा राग करून काय करू? पोरंबाळं घेऊन तुमी तरी कुटं जानार? पन बाय, अजून किती मान्सं येनार हायत गं?"

मी शाळेत भूगोल शिकवते. लोकसंख्येचा धडा दरवर्षी फळ्यावर आलेख काढून समजावते. मी रिकामं घमेलं उचललं.

त्या वर्षी मळा वाळला. पावसाळ्यानंतर मावशी मुलाकडे निघून गेल्या, जाताना कुणालाच भेटल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आमची खोल बोअरही आटली. आता टँकर येतो. पाणी कुठून आणता, असं ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "पुढच्या गावात एक विहीर हाय. चांगलं पाणी हाय तिला." गावाचं नाव मी विचारलं नाही.

मावशींच्या मुलाने शेत विकलं. तिथे आता सात मजली इमारत होते आहे. माझी मोठी मुलगी दुसऱ्यांदा गरोदर आहे. तिने आणि जावयाने त्याच इमारतीत घर पाहिलं आणि मला विचारायला आले. मी नको म्हणू शकले नाही. मुंबईतल्या त्यांच्या खोलीत सासू-सासऱ्यांसकट पाच माणसं कशी झोपतात, ते मी पाहिलं आहे.