बाल्कनीतली केबिन

आमच्या शेजारी राहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला सगळी इमारत उस्ताद म्हणते. त्यांचे क्लीनर त्यांना तसंच हाक मारायचे, ते इमारतीनं उचललं. त्यांच्याविषयी लिहायला मी काही योग्य माणूस नव्हे. पण त्यांच्या आणि आमच्या बाल्कनीत कमरेएवढीच भिंत आहे, त्यामुळे इतरांपेक्षा मला जरा जास्त दिसलं, इतकंच.

उस्तादांचं आयुष्य रस्त्यावर गेलं. घरी यायचे ते आंघोळ, झोप आणि धुतलेले कपडे यांच्यापुरते. मग पाठीनं दगा दिला, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि उस्ताद कायमचे घरी आले. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या दिवशी सगळ्या मजल्याला चहा पाजला.

पण घरात उस्तादांना बसायला जागा नव्हती. तसं घर लहान नाही, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे. मात्र ते वहिनींनी एकटीनं मांडलेलं. खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन, टीव्हीसमोर त्यांची खुर्ची, एका भिंतीवर मुलाच्या शाळेपासूनच्या ढाली, दुसरीवर सुनेची पुस्तकं. उस्ताद खिडकीत उभे राहिले की वहिनी म्हणायच्या, "जरा सरका, माझा उजेड अडतोय." कॉटवर टेकले की, "अहो, उठा, इस्त्रीचे कपडे आहेत खाली." खुर्चीत बसले तर वहिनी काही बोलायच्या नाहीत, नुसत्या समोर येऊन उभ्या राहायच्या.

मग उस्ताद फेऱ्या घालायचे. दारापासून बाल्कनीपर्यंत, बाल्कनीपासून दारापर्यंत. दाराजवळच्या खुंटीला त्यांची फिरतीवरची पिशवी तशीच टांगलेली होती. सकाळी तिच्यातून वस्तरा काढायचे, दाढी करायचे आणि वस्तरा पुसून पुन्हा पिशवीत ठेवायचे.

"उस्ताद, बसा की," मी एकदा म्हणालो.

"कुठं बसू भाऊ? सगळीकडे पार्किंग फुल आहे."

हे सुनेच्या कानावर गेलं. ती शाळेत शिकवते, बोलायला मोकळी. कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "बाबा, घरात प्रत्येकाचं काहीतरी दिसलं पाहिजे. आईंचं मशीन आहे, माझी पुस्तकं आहेत. तुमचं काय आहे? दारातली पिशवी! तुमच्या मनासारखा एक कोपरा करा ना. ही बाल्कनी घ्या."

ती सहज बोलून शाळेत गेली. उस्तादांनी ते मनावरच घेतलं.

दोन दिवसांनी दोन हमाल ट्रकची सीट घेऊन जिना चढले. भंगारवाल्याकडून आणलेली, खाली स्प्रिंग, वर फाटलेलं रेक्झिन. वहिनींच्या कोरफडीच्या कुंड्या आमच्या भिंतीवर आल्या, कपड्यांच्या दोऱ्या सुटल्या. सीटच्या उजव्या हाताला पाण्याची बाटली अडकवायला कडी, डोक्यावर छोटा पंखा, पायाशी अवजारांची पेटी आणि कठड्याला नटबोल्टनं घट्ट बसवलेला ट्रकचा लांबोडका आरसा. स्टिअरिंग तेवढं आणलं नाही. "लोक वेडा म्हणतील," मला म्हणाले. बाकी जे केलं होतं ते बघून लोक काय म्हणतील याची त्यांना फिकीर नव्हती.

पहिल्या दिवशी ते त्या सीटवर बसले आणि चार वेळा उठले. सीट पुढं घेतली, मागं घेतली, आरसा वाकवला, पुन्हा सरळ केला. माणूस लांबच्या प्रवासाला निघण्याआधी करतो तसं. मग बसले ते जेवायलाच उठले.

त्या आरशात रस्ता दिसत नव्हता. बाल्कनीचं दार उघडं असलं की थेट स्वयंपाकघर दिसायचं. वहिनींना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

"काय बघताय मघापासून?"

"काही नाही. मागचं बघतोय."

"मागचं म्हणजे मलाच ना? ओव्हरटेक करणार आहे का मी तुम्हाला?"

"तुझा काय भरवसा! हॉर्न न देताच येतेस."

मला हसू आलं आणि मी आत गेलो. पण वहिनी हसल्या नव्हत्या. संध्याकाळी आमच्या हिच्याजवळ बसून म्हणाल्या, "घरी आलेत म्हणून चहा पाजला मी सगळ्यांना. कुठले घरी! गाडीच इमारतीवर आणून उभी केलीय. माझे कपडे बाथरूममध्ये वाळतायत."

आणि मग ट्रकच्या मालकाचा फोन आला. एक ड्रायव्हर आजारी पडला होता, माल भरून उभा होता, उस्तादांनी एवढी एकच फेरी मारावी. उस्ताद फोनवर नुसते "बघतो, बघतो" म्हणाले, पण फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. दारापासून केबिनपर्यंत. मध्येच पिशवी काढून आतला टॉवेल बदलला.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "जायचं तर जा. पण गेलात तर एक ध्यानात ठेवा. परत याल तेव्हा पाहुण्यासारखं येत जा. यायच्या आधी कळवा, मी जागा करून ठेवीन. रोज नवऱ्याची वाट बघणं आता मला झेपणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं ठरलं. पिशवी खांद्याला लावून उस्ताद बाल्कनीत पंखा बंद करायला आले, तर सीटवर वहिनी बसलेल्या. पाय खाली टेकत नव्हते, त्यामुळे अवघडून. मी आपल्या बाजूला कुंड्यांना पाणी घालत होतो. तिथून जावं की न जावं ते मला ठरवता येईना, म्हणून घालतच राहिलो.

"ऊठ, पडशील," उस्ताद म्हणाले.

"इतकी वर्षं गाडी चालवलीत. मला कधी बसवलंत?"

"मालाची गाडी ती. बाईमाणसाला कुठं बसवणार?"

"मग ही कुणाची गाडी आहे? हिच्यात तरी एकच सीट का आणलीत?"

उस्ताद सीटकडे बघत राहिले. त्यांना खरोखर सुचलं नसावं. ते म्हणाले, "बाजूला क्लीनर बसतो."

"मग घर पुसते कोण? क्लीनरच ना मी?"

उस्तादांना हसायला हवं होतं, पण ते खांद्यावरची पिशवी सावरत राहिले. वहिनीही आता थट्टा करत नव्हत्या. "तुमच्यासाठी मी जागा ठेवली नाही, हे खरं. कधी याल ते ठाऊक नसायचं. रिकामी जागा रोज बघून जीव जायचा, म्हणून मशीन सरकवलं खिडकीत. आता तुम्ही आपली जागा केलीत, ती पण एकट्याचीच."

खाली मालकानं पाठवलेली रिक्षा हॉर्न देत होती. उस्तादांनी पिशवी खांद्यावरून काढून पेटीवर ठेवली, टेप काढला आणि सीटपासून भिंतीपर्यंतचं माप घेऊ लागले. मग फोन लावला. "मालक, दुसरा कुणी बघा. नाही, पाठ बरी आहे. घरचं काम निघालंय."

"दुसरी सीट इथं मावायची नाही," टेप गुंडाळत ते वहिनींना म्हणाले. "बाल्कनीचं दार उघडायचं नाही मग."

"आडवी टाका. घराकडं तोंड करून."

"गाडीत कुणी उलटं तोंड करून बसतं का?"

"मी बसणार. आणि माझ्या दोऱ्या पुन्हा बांधायच्या, आत्ताच सांगते."

"आरशाच्या आड येतील."

"येऊ देत."

खालचा हॉर्न बंद झाला होता. उस्ताद पुन्हा वाकून माप घ्यायला लागले, यावेळी दाराच्या बाजूनं, आणि वहिनी सीटवरून उतरायचं नाव घेत नव्हत्या.